वळीव कोल्हापूरला चुकवून जातो का? शहरं, विजा आणि आबांची वही

वहीवाला | १२ मे, रात्री ९:४०

लिहीन लिहीन म्हणता दोन उन्हाळे गेले. काल पुन्हा वळीव हुकला, आबांनी पुन्हा तोच विषय काढला, म्हणून शेवटी धागा काढतोय.

आमचे आबा साखर कारखान्यात टाइमकीपर होते. घड्याळ आणि वही नसलेला माणूस जगतो कसा, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही. १९८१ पासून ते पावसाची वही ठेवतात. पर्जन्यमापक वगैरे काही नाही. किती मिलिमीटर पडला याच्याशी त्यांना देणंघेणंही नाही. कधी आला, कुठल्या बाजूनं आला, वाजला का, गारा होत्या का, किती वेळ टिकला, एवढंच. एक नोंद जशीच्या तशी देतो:

"दु. ४.१०. कागलकडून काळं. आधी वावटळ. ४.२५ ला वाजलं. गारा हरभऱ्याएवढ्या, पत्र्याखाली बोललेलं ऐकू येईना. पाऊण तास. कैऱ्या झडल्या, गोळा केल्या."

आमचं घर टेंबलाईवाडीत. घर बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसता माळ होता, अंगणात उभं राहिलं की आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं दिसायचं. आता चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या गच्च्या दिसतात. आबांचं म्हणणं असं की पूर्वी वळीव थेट डोक्यावरून यायचा. आता शहराच्या तोंडाशी येतो आणि फाटतो. एक फळी पन्हाळ्याच्या अंगानं निघून जाते, दुसरी हुपरीकडं, आणि मधे आपण घामाघूम. गडगडाटही कमी झाला म्हणतात, वहीत तसं दिसतंही.

आता माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो उलटं आहे. मोठ्या शहरांवर विजा वाढतात, असं त्यानं कुठंतरी वाचलंय. आजोबा-नातवाचं जेवताना भांडण झालं आणि पंच म्हणून मला बसवलं. कुणी जाणकार असेल तर सांगा, शहरामुळं विजा वाढतात की कमी होतात?

ऊसकरी_हातकणंगले | १२ मे, रात्री १०:०५

तुमच्याकडं येत न्हाई म्हणून तुम्ही रडालाय, आमच्याकडं येतोय म्हणून आम्ही. मागल्या आठवड्यात आमच्या बांधावरच्या नारळावर पडली. पाऊस सुरू हाय आणि वर शेंडा पेटलेला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खोडाला वरनं खालपर्यंत एक उभी चीर, सुतारानं पटाशी मारल्यागत. खाली म्हस बांधलेली असायची, त्या दिवशी चुलतभावानं गोठ्यात घेतली होती म्हणून वाचली.

शहरातनं ढकललेला पाऊस आमच्याकडं येतोय काय, एवढं मात्र जाणकारांनी सांगावं. मग कुणाकडं बिल पाठवायचं ते बघतो.

अभ्र | १२ मे, रात्री ११:३०

वहीवाला, आबांना नमस्कार सांगा. मी मूळची कसबा बावड्याची, आता पुण्यात हवामानाशी संबंधित काम करते. तुमच्या घरातली दोन्ही माणसं थोडी थोडी बरोबर असू शकतात. पण आधी ढगात वीज होते कशी ते बघू, नाहीतर पुढचं अधांतरी राहील.

ढग नुसता काळा असून भागत नाही. वीज तयार होते बर्फाच्या धक्काबुक्कीतून. आपल्याकडं मे महिन्यात शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटर उंचीवर असते. त्याच्या वर, उणे दहा ते उणे वीस अंशांच्या पट्ट्यात तीन गोष्टी एकत्र लागतात: बर्फाचे बारीक स्फटिक, साबुदाण्यासारख्या मऊ गारा आणि इतक्या थंडीतही न गोठलेलं पाणी. गारा आणि स्फटिक एकमेकांवर आपटतात. गारांना बहुधा ऋण भार मिळतो, स्फटिकांना धन. स्फटिक हलके, ते ढगाच्या माथ्याकडं जातात. गारा जड, त्या मधल्या भागात रेंगाळतात. भार असे वेगळे झाले की पुढचं आपण बघतोच. म्हणजे विजेसाठी पाणी त्या उंचीपर्यंत नेणारा जोरदार उभा वारा हवा.

म्हणूनच आपल्या जिल्ह्यात गंमत दिसते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पण जुलैत तिथं दिवसभर धो धो चालू असताना कडकडाट क्वचित. ते ढग बुटके. घाटावर चढता चढता रिकामे होतात, बर्फाच्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाहीत. उलट शिरोळला वर्षाचा पाऊस जेमतेम पाच-सहाशे, पण मे महिन्यातला एक वळीव असा वाजतो की भांडी हलतात. पाऊस जास्त म्हणजे विजा जास्त, हे समीकरण आधी डोक्यातून काढायचं.

आता शहर. शहर या ढगाला तीन ठिकाणी हात लावू शकतं. पहिली गोष्ट उष्णता. डांबर, काँक्रीट, पत्रे दिवसभर तापतात आणि ओलावा नसल्यामुळं ती उष्णता बाष्पीभवनात खर्च होत नाही, सरळ हवेला मिळते. शहरावरची हवा वर उठते, आजूबाजूची आत खेचली जाते, आणि चारी बाजूंचे वारे जिथं भिडतात तिथं ढगाला उचल मिळते. शहर गावापेक्षा गरम असतं हे ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या माणसानं दोनशे वर्षांपूर्वीच मोजून दाखवलं होतं. व्यवसायानं तो औषधं बनवणारा. ढगांना आपण आज ज्या लॅटिन नावांनी ओळखतो ती मूळ नावंही त्याचीच. दुसरी गोष्ट इमारतींचा अडथळा. वारा अडखळतो, मंदावतो, थोडा बाजूला वळतो. तिसरी गोष्ट धूर आणि धूळ, तिच्यावर वेगळं लिहिते, आत्ता डोळे मिटतायत.

साचेवाला | १३ मे, सकाळी ८:१५

अभ्रताई, धुराचं लवकर लिहा, कारण तो आमच्यावर येणार हे दिसतंय. शिरोलीत फाउंड्री आहे माझी. आधीच सगळे म्हणतात पाऊस लांबला तरी भट्टीवाल्यांमुळं, थंडी कमी झाली तरी भट्टीवाल्यांमुळं.

विजांचा त्रास आम्हाला काय असतो ते एकदा येऊन बघा. इंडक्शन भट्टीत लोखंड वितळून तयार, साचे लावून ठेवलेले, आणि लांब कुठंतरी कडाडलं की लाइन ट्रिप. पाच मिनिटांत आली तर ठीक. नाही आली तर भट्टीत लोखंड थिजायला लागतं. जनरेटरवर भट्टी चालत नाही, फक्त गार पाण्याचा पंप चालतो. गेल्या वर्षी एका झटक्यात भट्टीचं कंट्रोल कार्ड गेलं. विमा कंपनीचा माणूस म्हणाला, वीज तुमच्या शेडवर पडल्याचा पुरावा द्या. मी म्हटलं, पडली ती तारेवर, शेडवर पडली असती तर पुरावा म्हणून मलाच नेला असता. फाइल अजून तिथंच आहे.

मंगळवारपेठकर | १३ मे, सकाळी ९:०२

एवढं सायन्स कशाला. मोबाइलचे टॉवर झाले तेव्हापासून विजा वाढल्या. टॉवर वीज ओढतात.

अभ्र | १३ मे, सकाळी १०:४०

टॉवर वीज ओढतो हे अर्धं खरं आहे. खाली येणारी वीज जमिनीजवळ आल्यावर कुठं टेकायचं ते ठरवते, तेव्हा आसपासच्या काही दहा मीटरांतली उंच वस्तू तिला आधी भेटते. शंभर मीटरपेक्षा उंच बांधकामांवरून कधीकधी वीज खालून वर सुद्धा निघते. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर वर्षाला वीस-पंचवीस वेळा पडते. पण टॉवर ढग तयार करत नाही. पाच-सात किलोमीटर उंचीवर भार वेगळे होताना खाली टॉवर आहे की आंब्याचं झाड, याचा ढगाला पत्ता नसतो. पडायची जागा बदलेल, संख्या नाही.

आता धूर. ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या ना कुठल्या कणावर जमतो. कण थोडे असले की थेंब मोठे होतात, आणि पाणी खालच्या खालीच पाऊस म्हणून पडून जातं. कण खूप झाले की तेच पाणी पुष्कळ कणांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात, लवकर पडत नाहीत आणि उभ्या वाऱ्याबरोबर वर बर्फाच्या पट्ट्यात जातात. तिथं धक्काबुक्कीला माल जास्त, म्हणून विजा जास्त. पण अति तेथे माती. धुराचा थर फार दाट झाला तर ऊनच खाली पोचत नाही, जमीन तापत नाही आणि ढगाची उचलच कमी होते. त्यामुळं साचेवाला, तुमच्यावर एकतर्फी आरोप करता येणार नाही.

साचेवाला | १३ मे, सकाळी १०:५५

प्रिंट काढून शेडमध्ये लावतो.

गावंढळ_मास्तर | १३ मे, दुपारी ३:२०

निवृत्त भूगोल शिक्षक बोलतोय. यंत्रणा वगैरे सगळं पटलं. पण वहीवाल्यांचा मूळ प्रश्न वहीचा आहे, आणि वहीवरून मला एक जुनं प्रकरण आठवलं. जरा लांबण लागेल.

अमेरिकेत शिकागोच्या पूर्वेला, मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाजवळ ला पोर्ट नावाचं गाव आहे, इंडियाना राज्यात. शिकागो आणि गॅरीच्या पोलाद कारखान्यांपासून साधारण पन्नास किलोमीटर, वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला. १९६८ मध्ये स्टॅन्ली चॅग्नन या हवामानशास्त्रज्ञानं दाखवलं की १९५१ ते १९६५ या काळात तिथं आजूबाजूच्या ठाण्यांपेक्षा पाऊस ३१ टक्के जास्त, गडगडाटाचे दिवस ३८ टक्के जास्त आणि गारपिटीचे दिवस २४६ टक्के जास्त होते. आणि पोलादाचं उत्पादन वाढायचं तसा पाऊस वाढायचा. खळबळ उडाली. शहर आणि कारखाने पाऊस पाडतात, विजा पाडतात!

दोन वर्षांत प्रतिवाद आला: गडबड ढगात नाही, नोंद करणाऱ्या माणसात आहे. ला पोर्टला हौसेनं, मन लावून नोंदी ठेवणारा एक माणूस. शेजारच्या गावचा माणूस तितका तत्पर नसेल तर ला पोर्टचा पाऊस आपोआप जास्त दिसणार. गारेचा एक दाणा अंगणात पडला तरी लिहिणारा आणि बैठकीतून न उठणारा, दोघांचे आकडे शेजारी ठेवले तर गारपीट कुणाकडं जास्त? वाद बरीच वर्षं चालला. तो सोडवायचा म्हणून १९७१ ते १९७५ अशी पाच वर्षं सेंट लुइस शहराभोवती मोठी मोहीम झाली, मेट्रोमेक्स नावाची. ते शहर निवडलं कारण तिथं मोठं सरोवर नाही, डोंगर नाहीत, म्हणजे दोष टाकायला दुसरं कुणी नाही. पर्जन्यमापकांचं जाळं, रडार, विमानं. उन्हाळ्यात शहराच्या पुढच्या अंगाला, म्हणजे वारा शहरावरून ज्या बाजूला जातो तिकडं, पाऊस आणि गडगडाट वाढलेला खरंच सापडला. म्हणजे चॅग्ननची मूळ कल्पना तगली, पण एका वहीच्या जोरावर नाही.

आता आबांच्या वहीकडं या. "गडगडाटाचा दिवस" याची जगभरची व्याख्या फार साधी आहे: ज्या दिवशी ठाण्यावर गडगडाट ऐकू आला तो दिवस. वीज दिसली का, पाऊस पडला का, हे विचारत नाहीत. ऐकू आला पाहिजे. शांत माळावर गडगडाट पंधरा किलोमीटरवरून ऐकू येतो. टेंबलाईवाडीच्या अंगणातून १९८१ साली काय ऐकू येत असेल आणि आज हायवे, मिक्सर, शेजारचा टीव्ही यांच्यातून काय ऐकू येतं? कदाचित गडगडाट कमी झालेला नाही. गलका वाढलाय.

वहीवाला | १३ मे, दुपारी ४:०५

मास्तर, हे डोक्यातच आलं नव्हतं. आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी न ऐकलेलं कधी लिहिलेलं नाही." मी म्हटलं, तेच तर मास्तर म्हणतायत. मग थोडा वेळ बोलले नाहीत.

परदेशातला_कोल्हापुरी | १३ मे, रात्री ११:५०

ह्यूस्टनहून. राजारामपुरीत वाढलो, इथं बावीस वर्षं झाली. इथं हा विषय पोराटोरांना माहीत आहे. २००१ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी वीज टिपणाऱ्या यंत्रणेच्या १९८९ ते २००० च्या नोंदी तपासल्या, तर ह्यूस्टन शहर आणि त्याच्या पुढच्या अंगाला जमिनीवर पडणाऱ्या विजांची दाटी आजूबाजूपेक्षा स्पष्ट जास्त. शहराची उष्णता आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांचा धूर, दोन्हींकडं बोट दाखवलं होतं. पण इथं तिसरा भिडू आहे, समुद्र. दुपारी गल्फवरून, म्हणजे मेक्सिकोच्या आखातावरून, ओला वारा आत येतो आणि शहराच्या गरम हवेला भिडतो. त्यामुळं शहराचं किती आणि समुद्राचं किती, हे वेगळं काढणं अवघड जातं.

मे महिन्यात कोल्हापुरात दिवसभर भाजून निघाल्यावर संध्याकाळी पश्चिमेकडून जो गार वारा येतो ना, घाट चढून कोकणातला, रंकाळ्यावर शर्ट फुगवणारा, तो मला इथल्या त्या वाऱ्याची आठवण करून देतो. म्हणजे खरं तर उलटं, हा वारा त्याची आठवण करून देतो. असो, विषयांतर झालं. तिथला पाऊस घाटाचा किती आणि शहराचा किती, हा प्रश्न तुम्हालाही सुटणार नाही एवढंच म्हणायचं होतं.

अभ्र | १४ मे, सकाळी ७:३०

मास्तरांची पोस्ट वर्गात वाचून दाखवावी अशी आहे. पण त्यांच्या शंकेतून सुटतील असे पुरावेही आता आहेत, म्हणजे जिथं कुणाच्या कानावर भरवसा ठेवावा लागत नाही.

एक म्हणजे उपग्रह. पाऊस मोजणारं रडार घेऊन टीआरएमएम नावाचा उपग्रह १९९७ ला गेला. त्याच्या नोंदींवरून २००२ मध्ये अमेरिकेतली काही शहरं तपासली, अटलांटा, डॅलस वगैरे. गरम महिन्यांत शहराच्या पुढच्या अंगाला, तीस ते साठ किलोमीटरच्या पट्ट्यात, पावसाचा दर सरासरी २८ टक्के जास्त निघाला. हातकणंगलेकर, तुमच्या बिलाच्या प्रश्नाला सर्वात जवळचं उत्तर हेच. पण "पुढचं अंग" कुठलं, ते वारा ठरवतो. तिथं बहुतेक वेळा तो पश्चिमेकडून पूर्वेला असतो. आपल्या वळवाचे ढग ज्या उंचीवरच्या वाऱ्यानं ढकलले जातात तो रोज वेगळा. आबांच्या वहीत एकदा कागलकडून, एकदा पन्हाळ्याकडून असं असणार. प्रत्येक वळवाला पुढचं अंग नव्यानं शोधावं लागेल.

दुसरं रडार. इंडियानापोलिसवर दहा वर्षांतली उन्हाळी वादळं रडारवर पाहिली, तर साठ टक्क्यांहून जास्त वादळांनी शहरावरून जाताना आपला आकार बदलला, तुटली, फुटली, किंवा दोनाचं एक झालं. गावाकडच्या भागावरून जाताना असं फक्त पंचवीस टक्क्यांचं झालं. आणि १९९० च्या एका अभ्यासात न्यूयॉर्कवर चालून येणारी वादळं शहराच्या दोन बाजूंनी फाटून जाताना दिसली होती. म्हणजे आबांची "फाटतो" ही नोंद हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्यांनी पाहिलेली गोष्ट जगात घडते.

मला सर्वात आवडतो तो पुरावा शहराचा नाहीच, समुद्रातला आहे. भर समुद्रात इमारती नाहीत, डांबर नाही, डोंगर नाही. असलाच तर जहाजांचा धूर. २०१७ मध्ये जगभरच्या विजांच्या बारा वर्षांच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तर हिंदी महासागराच्या ईशान्य भागात आणि दक्षिण चीन समुद्रात जहाजांच्या वाटेवर विजांची सरळ रेघ उमटली, आजूबाजूच्या समुद्रापेक्षा जवळपास दुप्पट. मग १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. धूर स्वच्छ झाला आणि त्या वाटेवरची वाढीव वीज साधारण निम्म्यावर आली. इतका सरळ प्रयोग कुणी ठरवून केला नसता.

साचेवाला | १४ मे, सकाळी ८:००

कालची प्रिंट काढून टाकतो.

एक शंका. आमच्या भट्ट्यांना आठवड्याची सुट्टी असते, त्या दिवशी धूर नाही. मग त्या वाराला विजा कमी का दिसत नाहीत?

अभ्र | १४ मे, सकाळी ८:२०

हा प्रश्न लोकांनी खरंच विचारलाय! निसर्गाला बुधवार कळत नाही, आठवडा माणसानं केलेला. त्यामुळं विजांमध्ये आठवड्याची लय सापडली तर तिच्यामागं माणूसच असणार. अमेरिकेच्या आग्नेय भागात उन्हाळ्यातल्या विजा आठवड्याच्या मधल्या दिवसांत जास्त आणि शनिवार-रविवारी कमी, असं २००९ च्या एका अभ्यासात सापडलं. आपल्याकडं प्रत्येक भागाची सुट्टी वेगळी, शिवाय रस्ते, गुऱ्हाळं, उसाचा पाला पेटवणं, वीटभट्ट्या असा धूर सातही दिवस. लय शोधायची कुठं?

ऊसकरी_हातकणंगले | १४ मे, सकाळी ९:१०

पाल्याचं नाव आलंच. वाटच बघत होतो.

गावंढळ_मास्तर | १४ मे, दुपारी १२:४५

अभ्र, न्यूयॉर्क कुठं आणि आपण कुठं? महापालिकेची हद्द साधारण ६७ चौरस किलोमीटर (हद्दवाढीचा वाद इथं कुणी काढू नये, हात जोडतो). २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत. एवढ्या शहरानं वळीव फाटेल?

अभ्र | १४ मे, दुपारी २:३०

माझंही मत तुमच्याकडंच झुकतं. कोल्हापूर या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-नऊ किलोमीटर. वळवाच्या एका ढगाचा घेरच पाच-दहा किलोमीटर असतो. एवढ्या छोट्या शहरानं ढगाला वाकवलं असं म्हणायला मी धजावणार नाही. उलट एका ढगाच्या घेराएवढं शहर असलं की तो पंधरा वेळा बाजूनं गेला आणि एकदा डोक्यावर आला, यात नवल काहीच नाही. बाजूनं गेलेले पंधरा आपल्या लक्षात राहतात, कारण आपण गच्चीवरचे कपडे काढून वाट बघत बसलेलो असतो.

शिवाय इथं मोठे भिडू दुसरेच आहेत. पश्चिमेला सह्याद्री आणि त्यावरून येणारा ओला वारा, पूर्वेला कोरडी तापलेली हवा. आणि शहराभोवती ऊस. हे कुणी बोलत नाही. मे महिन्यात आजूबाजूला हजारो एकर पाणी दिलेला ऊस उभा असतो. तो दिवसभर हवेत बाष्प सोडतो. एकीकडं तापलेलं शहर, त्याला लागून गार, ओलं रान. वळवाला लागणारी उष्णता आणि ओलावा दोन्ही शेजारी शेजारी. अटलांटात असं दिसलं की शहराच्या उष्णतेतून जन्मलेल्या पावसात उष्णतेपेक्षा जमिनीलगतच्या ओलाव्याचा वाटा मोठा होता, आणि असा पाऊस बहुधा मध्यरात्रीनंतर सुरू व्हायचा. म्हणून आबांना एक विचारा, रात्री बारानंतरचा वळीव वहीत कधी आणि किती वेळा आलाय? तो मला दुपारच्या वळवापेक्षा जास्त बोलका वाटतो.

मुंबई, पुण्यासारख्या शहरांचं मात्र मी असं हातावेगळं करणार नाही. २०१० च्या एका अभ्यासात भारतातल्या पावसाच्या नोंदी शहरीकरणाशेजारी ठेवून पाहिल्या, तर वाढत्या शहरी भागांत पावसाळ्यातल्या अतिमुसळधार पावसाचा कल वाढता दिसला. विजांचं आपल्याकडं आता कुठं नीट मोजणं सुरू झालंय. पुण्याच्या आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) या संस्थेचं वीज टिपणाऱ्या यंत्रांचं जाळं देशभर पसरलंय. त्यावरच "दामिनी" ॲप चालतं.

ऊसकरी_हातकणंगले | १४ मे, दुपारी ३:१५

दामिनी हाय माझ्या फोनवर. वीस आणि चाळीस किलोमीटरची गोल रिंगणं दिसत्यात, आत वीज पडली की टिपका. पण भांगलणीला बायका असत्यात त्यांच्यातल्या एकीकडंबी असला फोन न्हाई. मी बांधावरनं हाक मारतो तेव्हा त्या म्हणत्यात, एवढी पात संपवून येतो. शहरात वीज पडली तर गच्चीवरच्या टाकीचं भोक, आमच्यात माणूस जातंय.

गावंढळ_मास्तर | १४ मे, दुपारी ३:४०

हे खरं बोललात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली वीज पडून देशात २,८८७ मृत्यू आहेत. त्यातली बरीचशी माणसं उघड्या रानातली. पक्क्या घराच्या भिंतीतल्या तारा, नळ, सळ्या वीज जमिनीत घेऊन जातात. रानात हे काम माणसाच्या अंगालाच करावं लागतं. झाडाखाली तर मुळीच थांबू नये. आवाज ऐकू येतोय म्हणजे आपण टप्प्यात आहोत, एवढं बायकांना सांगा. पात राहू दे.

वहीवाला | १५ मे, रात्री ८:३०

काल रात्री आणि आज दुपार, सगळ्या वह्या काढून बसलो. कपाटाच्या तळाशी दोन वह्यांना कसर लागलेली, बाकीच्या शाबूत.

मध्यरात्रीनंतरचे वळीव आहेत, पण आबा म्हणतात ते झोपेतून उठले तरच लिहिलंय, आणि पन्नाशीनंतर माणूस रात्री जास्त उठतो. त्यामुळं अभ्रताई, तोही पुरावा गेला.

पण एक गोष्ट सापडली ती सांगतो. सुरुवातीच्या वह्यांत सगळीकडं "वाजलं" असं आहे. कुठंकुठं तर "वाजलं, दिसलं नाही" असंही, म्हणजे लांबचा नुसता आवाज. हायवे चौपदरी झाला त्या सुमारास हे "दिसलं नाही" बंद होतं. मास्तरांचा गलका. पुढं आणखी काही वर्षांनी शब्दच बदलतो. "वीज दिसली." नुसतं तेवढंच. मग पानंच्या पानं "वीज दिसली", "वीज दिसली". मी आईला विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, कानाचं मशीन आणलं त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं. मशीन आणल्यावर पुन्हा थोडे दिवस "वाजलं" येतं. मग पुन्हा नाही, कारण मशीन ड्रॉवरमध्ये असतं. कुरकुर आवाज येतो म्हणतात.

म्हणजे वहीत गडगडाट कमी झाला तो ढगाचा नव्हे. आबांना हे कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून सांगितलं नाही. भाच्याला सांगितलं, तो गप्प बसलाय.

परदेशातला_कोल्हापुरी | १५ मे, रात्री ८:५०

वह्यांचे फोटो काढून ठेवा हो. दिशा आणि वेळा तर खऱ्या आहेत ना. कानाचा आणि त्यांचा संबंध नाही.

अभ्र | १५ मे, रात्री ९:१०

अगदी. "कागलकडून काळं, ४.१०" याला ऐकू येण्याची गरज नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या दिशा एका माणसानं, एकाच अंगणातून लिहिल्यात. मला हव्या आहेत. कसरवाल्या दोन वह्या आधी.

साचेवाला | १६ मे, दुपारी ४:३५

शिरोलीत अंधारून आलंय. पत्रे वाजायला लागले. भट्टी बंद केली आधीच.

मंगळवारपेठकर | १६ मे, दुपारी ४:४१

इथं ऊन आहे.

ऊसकरी_हातकणंगले | १६ मे, दुपारी ४:४४

गारा! बायका आधीच घरात घेतल्या. आज पात सोडली त्यांनी.

साचेवाला | १६ मे, दुपारी ४:४८

लाइन गेली.

मंगळवारपेठकर | १६ मे, दुपारी ४:५२

थेंब पण नाही. पेठेवर नुसती धूळ. टॉवरवाल्यांनो बोला आता.

वहीवाला | १६ मे, सायंकाळी ५:२०

टेंबलाईवाडीत चार टपोरे थेंब पडले, तेवढेच. उचगावच्या बाजूला मात्र सारखं चमकत होतं. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, वही मांडीवर, मनगटावर घड्याळ. त्यांना आत घेतलं तर दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिले. एक मोठी चमकली. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "वाजलं काय रे?"

मी म्हटलं, वाजलं. त्यांनी वेळ बघितली आणि लिहिलं:

"सायं. ५.०७. उचगावकडं वीज दिसली. वाजलं (बाळू सांगतो)."